कळ आली की बोलवा

"ती गोळी कुटू नका."

औषधाच्या दुकानात काउंटरपाशी उभा असलेला माणूस मागे वळला. बाहेर सकाळपासून बारीक पाऊस लागून राहिला होता. त्याचे केस ओले होते, शर्टाच्या बाह्यांवर लाकडाचा भुसा चिकटलेला होता, आणि हातातलं गोळ्यांचं पाकीट दाखवून तो दुकानदाराकडे एखादा छोटासा खलबत्ता मिळेल का म्हणून चौकशी करत होता. त्याच्या मागे कापूस आणि इंजेक्शनच्या सुया घेऊन ती उभी होती. पाकिटावरचं नाव तिने वाचलं आणि तोंडातून ते वाक्य निघून गेलं.

"मग काय करू?" तो म्हणाला. "आईला गिळता येत नाही."

आवाजात राग नव्हता. रागवायला लागते तेवढी ताकदही त्याच्यात उरली नव्हती, हे तिला दिसलं. मग तिने आवाज खाली आणला. ही दुखणं थांबवणारी गोळी मुद्दाम दिवसभर थोडी थोडी विरघळेल अशी केलेली असते, कुटली की दिवसभराचं सगळं औषध एकदम रक्तात जातं, असं तिने समजावून सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. आदल्या दिवशी दुपारी त्याने एक गोळी कुटून पाण्यातून दिली होती. आई संध्याकाळपर्यंत गाढ झोपली होती. किती दिवसांनी ती कण्हत नव्हती, म्हणून तो उशाशी बसून राहिला होता... समाधानाने.

"आत्ता कशा आहेत?"

"आत्ता... चहा गार दिला म्हणून मला बोलली."

"मग बऱ्या आहेत," ती म्हणाली. पण तिचा पाय निघेना. तिने पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "चला. मी बघते त्यांना."

ती नर्स होती. ज्या रुग्णांसाठी दवाखान्यात करण्यासारखं काही उरलेलं नसतं, त्यांचं घरी जाऊन बघणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती काम करायची. दुखू द्यायचं नाही, श्वास कोंडू द्यायचा नाही, आणि शेवटी कुणाला एकटं पडू द्यायचं नाही, एवढंच ते काम. असं कुणी घरी येतं हे त्याला माहीतच नव्हतं. दवाखान्यातून सोडताना हातात गोळ्या दिल्या आणि घरी न्या म्हणाले, तेवढंच.

खाली त्याचं फोटोंना फ्रेम करून देण्याचं दुकान होतं आणि वर दोन खोल्या. खिडकीजवळच्या पलंगावर आई. आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केलेली बाई. आवाज अजून खणखणीत, पण वाक्याच्या मधोमध दम लागायचा. छातीतला कॅन्सर हाडांत उतरला होता. नर्सने आधी त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, श्वास मोजला, मग कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"ही कोण?" आईंनी विचारलं. "फ्रेम करायला आलीय?"

"औषधं कशी द्यायची ते सांगायला आल्यात या. सिस्टर आहेत."

आईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग दम खाऊन मुलाला म्हणाल्या, "तू सिस्टर म्हणू नकोस हं हिला. पुढे पंचाईत होईल."

तो कानापर्यंत लाल झाला. ती ओठ दाबून खाली बसली आणि औषधांचा डबा मागितला.

बिस्किटांच्या एका डब्यात सगळी औषधं एकत्र कोंबलेली होती. तिने ती चटईवर ओतली आणि वेगळी करत गेली. ही उलटीची, ती खाण्याच्या अर्धा तास आधी. ही सूज उतरवणारी, ती सकाळीच, पोटात काहीतरी गेल्यावर. रिकाम्या पोटी दिली तर पोट जाळते आणि संध्याकाळी दिली तर झोप उडवते. ही रक्तदाबाची, अंगात एवढंसं वजन उरल्यावर ती हवी की नको, हे डॉक्टर बघतील. मधेच अर्धवट सोडलेलं अँटिबायोटिकचं पाकीट निघालं. खोकल्याला बरं वाटलं म्हणून थांबवलं, असं तो सांगायला गेला, आणि तिची नजर पाहून त्याने वाक्य तिथेच सोडून दिलं. दुखण्यावर एवढी कडक औषधं चालू असताना पोट साफ व्हायचं औषध मात्र कुणी लिहूनच दिलं नव्हतं.

"मी केव्हाची बोंबलतेय," आई म्हणाल्या, "आणि हा मला म्हणतो, पाणी जास्त पी."

दुसऱ्या दिवशी ती संस्थेच्या डॉक्टरांना घेऊन आली. गोळीच्या जागी पॅच आला, चिकटपट्टीसारखा, खांद्याच्या मागे लावायचा, कोरड्या स्वच्छ कातडीवर; कातडीतून औषध सावकाश आत झिरपतं. शेकायची गरम पिशवी त्याच्या आसपासही न्यायची नाही, उष्णतेने औषध भराभर ओढलं जातं. धाप लागली तर तोंडाला मास्क लावून औषधाची वाफ. उलटी थांबेना तर कातडीखाली इंजेक्शन. तिची रोजची फेरी सुरू झाली. जाताना ती दारात एकच वाक्य बोलायची, सगळ्याच घरी बोलायची: "कळ आली की बोलवा."

इंजेक्शन त्याला शिकवायला हवं होतं, कारण प्रत्येक वेळी तिला पोचता आलं नसतं. फ्रेमभोवती गुंडाळायच्या फोमचा तुकडा त्याने आणला. काच कापताना रेघभरही न हलणारा त्याचा हात सुई धरली की थरथरायचा. तिने त्याचं मनगट धरलं. पाऊस खिडकीवर टिपटिपत होता, आणि त्याच्या अंगाला ताज्या लाकडाचा वास येत होता.

"काच कापताना नाही थरथरत?"

"काच ओरडत नाही."

"आईही नाही ओरडणार."

"आईची नाही हो भीती... पण तुम्ही इतक्या जवळ उभ्या राहिलात की—"

तो थांबला. तिने मनगट सोडलं नाही, आणि सोडलेलं नाही हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"पुढे बोल की," पलंगावरून आवाज आला. "मला ऐकू येतंय."

असे ते दिवस होते. घरावर मळभ होतं, पण मधूनच कुणीतरी हसायचं. तो तिला हाक मारताना अडखळायचा; सिस्टर म्हणायची चोरी, आणि दुसरं काही म्हणायचा धीर नाही. मग नुसतं "अहो" म्हणायचा आणि बोलायचं ते विसरायचा. एकदा ती जिन्यात छत्री उघडत असताना त्याने विचारलं, तुमच्या त्या पिशवीत सगळ्यावर औषध असतं, मग धीर यायचं एखादं नाही का?

"आहे की," ती म्हणाली.

"गोळी आहे, का इंजेक्शन?"

"ते बाहेरून देता येत नाही." आणि पावसात उतरली. वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचं हसू त्याला दिसलं असतं.

पण कोपऱ्यावर पोचेपर्यंत ते हसू विरायचं. तिला पक्कं ठाऊक होतं की ही घरं संपतात. आज ज्या घरात तुमची वाट बघतात, महिन्या-दोन महिन्यांनी त्या घराला तुमची आठवणही नकोशी होते. तुमचा चेहरा दिसला की त्यांना तो पलंग दिसतो. म्हणून रुग्णाच्या घरी जीव लावायचा नाही, हे तिने नोकरीच्या सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं. ती राहायची मोठ्या बहिणीकडे. ताईने तिचं हल्ली उशिरा येणं पाहिलं, ओला पदर पाहिला, आणि एवढंच विचारलं की शेवटची फेरी कुणाकडे असते. फ्रेमवाल्याचं घर तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, तिथून पुढे कुठे जायची घाई नसावी म्हणून.

त्यातच बोलावणी वाढली. दुपारी फोन यायचा, आईला कळ आलीय, येता का? ती धावत जायची. तो जिन्याच्या तोंडाशीच उभा असायचा. चेहऱ्यावर काळजी, आणि तिला पाहिल्यावर त्या काळजीखालून उजळणारं दुसरं काहीतरी. अशाच एका दुपारी ती धापा टाकत वर गेली. त्याला चहाला पिटाळून आईंनी तिला जवळ बोलावलं. तिने पिशवीतून औषध काढलं तसा त्यांनी हात वर केला.

"राहू दे ग पोरी. आज काही दुखत नाहीये."

"मग फोन?"

"मधूनमधून खोटंच सांगते मी." त्या श्वास घ्यायला थांबल्या. "त्याशिवाय तो तुला बोलावतो कशाला? आणि तू येतेस कशाला? मला काही वर्षं नाहीत वाट बघायला."

तिला हसावं की रडावं कळेना. असं करू नका, असं तिने समजावलं; उद्या खरंच दुखलं आणि मला खोटं वाटलं तर? त्यावर आईंनी तिचा हात धरला. टेलिफोनवर जन्म गेलाय माझा, म्हणाल्या, खरा आवाज आणि खोटा आवाज मला कळतो, तुलाही कळेल. आणि त्याला यातलं काही सांगू नकोस — मी आहे तोवर.

त्यानंतर खोट्या कळा आल्याच नाहीत. खऱ्यांनी जागाच ठेवली नाही.

धाप वाढली. आई उशांना टेकून बसल्या बसल्या श्वास ओढायच्या, खिडकी उघडी ठेवून, वाऱ्यात. वाफेने भागेना. डॉक्टरांनी मॉर्फिनचं पातळ औषध सुचवलं, अगदी थोडं, बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं. त्याने नकार दिला. खोलीत नाही, आईसमोर नाही. जिन्यात तिला गाठून.

"ते दिलं की माणूस जातो. सगळे म्हणतात."

तिने कठड्याला पाठ टेकली. लोक असं का म्हणतात ते तिला ठाऊक होतं. ते औषध शेवटी दिलं जातं, म्हणून शेवट त्याच्यावर ढकलतात. एवढ्या थोड्या औषधाने श्वास थांबत नाही, श्वासाची तडफड थांबते, असं तिने सांगितलं. आई जाणार आहेत, हेही सांगितलं. ते शब्द आजवर कुणी त्याच्यासमोर उच्चारले नव्हते. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि तिने तो पिशवीच्या पट्ट्यावर ठेवला.

"तुम्ही म्हणता म्हणून," शेवटी तो म्हणाला.

औषधाने आईंना बरं वाटलं. त्या पडून झोपू शकल्या, जागेपणी दोन शब्द बोलू शकल्या. त्यानेच द्यायला शिकून घेतलं. हात थरथरला नाही. काही दिवस असे गेले की घराला उगीचच वाटावं, हे असंच चालू राहील.

आणि एका ढगाळ दुपारी तिला फोन आला, तेव्हा पलीकडून कुणी बोलतच नव्हतं. ती पोचली तेव्हा आई गेल्या होत्या. चेहरा शांत होता. तो उशाशी बसलेला, हातात रिकामी सिरिंज तशीच धरून.

"तुम्ही शिकवलं तसंच दिलं," तो म्हणाला. "तिला बरं वाटलं. हसलीसुद्धा. आणि मग..."

तिने आईंच्या खांद्यामागचा पॅच काढला, डोळ्यांच्या कडा पुसल्या, उरलेलं औषध नियमाप्रमाणे परत नेण्यासाठी बांधून घेतलं. हे सगळं ती नेहमीच करायची. पण त्या दिवशी तिच्या हातांना कुणीतरी दगड बांधल्यासारखं वाटत होतं. तो तिच्याकडे एकदाही बघत नव्हता. निघताना दारात तिच्या तोंडाशी नेहमीचं वाक्य आलं, आणि आता ते म्हणता येणार नाही हे कळून तिने ते गिळलं.

माणूस गेल्यावर काही दिवसांनी त्या घरी जाऊन यायची संस्थेची पद्धत होती. तिने दुसऱ्या नर्सला पाठवलं. ती सांगत आली की दुकानाचं शटर अर्धवट ओढलेलं आहे, माणूस बोलत नाही, झोपलेला दिसत नाही. मग ती स्वतः डॉक्टरांकडे गेली आणि तिने त्या दिवसाचं सगळं पुन्हा विचारलं, औषध किती होतं, आधी किती दिलं होतं. रोजच्याइतकंच होतं, डॉक्टर म्हणाले. त्यांचा आजार शेवटाला आला होता, आणि तुला हे माझ्याइतकंच कळतं. कळत होतं. तरी त्याचं ते वाक्य कानातून जात नव्हतं. तुम्ही शिकवलं तसंच दिलं.

ताईने काही दिवस वाट पाहिली. मग एकदा कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "तुला तिकडे जायचंय. पण आता द्यायला औषध नाही, म्हणून कशाला जायचं ते कळत नाहीये."

"त्याला माझं तोंडही बघायचं नसेल ताई."

"मग तसं त्याला म्हणू दे. तू का त्याच्या वतीने म्हणतेस?"

ती गेली. आकाश भरलेलं होतं, पाऊस नव्हता. शटरखालून वाकून आत शिरली तेव्हा तो कामाच्या टेबलाशी नुसता बसला होता. डोळे आत गेलेले, दाढी वाढलेली. कामं तशीच पडून होती. भिंतीला टेकवून ठेवलेले लोकांचे फोटो, कुणाची लग्नं, कुणाचे आजोबा. तो तिला पाहून उठला नाही. फक्त म्हणाला, झोपेची एखादी गोळी असेल तर द्या.

"मी पिशवी आणलेली नाही," ती म्हणाली, आणि समोरच्या स्टुलावर बसली.

तिनेच सुरुवात केली. त्या औषधाने आई गेल्या नाहीत. ती डॉक्टरांना विचारून आली होती. स्वतःला कळत असूनही विचारून आली होती, कारण तिलाही रात्र रात्र तेच वाटत होतं. शेवटचं औषध म्हणजे शेवट करणारं औषध नव्हे. तुम्ही त्यांना श्वास दिलात, दुसरं काही नाही.

त्याने मान हलवली. "ते मला पटलंय... म्हणजे पटेल. ते नाही."

"मग?"

त्याने टेबलावरचा भुसा तळहाताने गोळा केला, पुन्हा पसरला. "तिला कळ आली की तुम्ही यायच्या. ती विव्हळायची आणि मी फोन उचलायचो, आणि मला... मला बरं वाटायचं. आईला कळ आलीय आणि मी आरशात केस नीट करतोय. असा कोण असतो?" त्याने भुसा पुन्हा गोळा केला. "तुम्ही हव्या होता मला. आणि तुम्ही यायला तिला दुखायला हवं होतं. आता तुमच्याकडे कोणत्या तोंडाने बघू?"

इतके दिवस तिला वाटत होतं की तिचा चेहरा त्याला नको आहे, आणि तो मात्र स्वतःचाच चेहरा तिच्यापासून लपवत होता.

"दुपारचे फोन आठवतात?" तिने विचारलं. "मी पळत यायचे ते?"

"आठवतात."

"त्यातल्या काही वेळा त्यांना काहीच दुखत नव्हतं."

त्याने वर पाहिलं.

"एकदा तुम्हाला चहाला पाठवून त्यांनीच मला सांगितलं, मधूनमधून मी खोटंच सांगते. मी औषध काढलं, तर हात वर करून म्हणाल्या, राहू दे, आज काही दुखत नाहीये." ती स्टुलावर पुढे सरकली. "त्यांना तुमचं ते केस नीट करणं दिसायचं. म्हणून त्या विव्हळायच्या. मी असेतोवर सांगू नकोस, म्हणाल्या होत्या."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हसल्यासारखा आवाज त्याच्या घशातून आला, आणि त्या आवाजाचं रडं झालं. आई गेल्यापासून तो रडला नसावा, कारण ते रडणं लवकर थांबेना. ती उठून त्याच्याजवळ गेली. आता तिच्या हाताला धरायला पिशवी नव्हती. तिने त्याचं डोकं स्वतःशी घेतलं आणि त्याच्या केसांतला भुसा बोटांनी वेचत उभी राहिली.

"मीसुद्धा तुमचं घर शेवटी ठेवायचे," ती हळूच म्हणाली. "थांबता यावं म्हणून."

"आज थांबशील?" त्याने विचारलं. पहिल्यांदाच 'तू' आलं होतं, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"थांबते."

खुर्चीतच, टेबलावर डोकं टेकून, बोलता बोलता त्याला झोप लागली. गोळीविना. तिने खुंटीवरचा स्वेटर त्याच्या खांद्यांवर घातला आणि शटर कमरेएवढं वर सरकवलं, थोडा उजेड यावा म्हणून. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. आई त्या घरात कुठेच नव्हत्या, आणि ते रितेपण जिन्यावरून खाली दुकानापर्यंत आलेलं होतं. ते काही आज जाणार नव्हतं.

थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ वाकून आत डोकावले. कोटाच्या आत, पावसापासून जपून, कागदात गुंडाळलेला फोटो होता. ते काही विचारणार एवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं आणि टेबलाकडे नजरेने खूण केली.

"झोपलेत," ती कुजबुजली. "बऱ्याच दिवसांनी. उद्या आणाल का?"

गृहस्थांनी झोपलेल्या माणसाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि समजल्यासारखी मान डोलावली.

"आणतो की, वहिनी. झोपू दे त्यांना."

ती काही दुरुस्त करायला गेली नाही. "सावकाश जा," म्हणाली, "पायरी ओली आहे." आणि आत येऊन स्टूल त्याच्या खुर्चीजवळ ओढून बसली.